फक्त त्यांनाच दिसेल

चष्म्याच्या दुकानातल्या ताईंनी गल्लीचा सर्व्हर चालवायला घेतला, तो काही हौसेने नव्हे. त्याआधी गल्लीचा एक ग्रुप होता, एका मोठ्या कंपनीच्या जाळ्यावर. एके सकाळी तो उघडेना. का, ते कुणी सांगेना. विचारायला माणूस नाही, ठोठावायला दार नाही. तक्रार केली की एक यंत्र उलट उत्तर पाठवायचं, तुमचं म्हणणं आम्हाला मोलाचं वाटतं. न्हाव्याच्या मुलीचे रांगण्यापासूनचे फोटो, गाण्याच्या बाईंच्या क्लासच्या वेळा, पाववाल्याच्या हरवलेल्या कुत्र्याचा शोध, सगळं एका फटक्यात गेलं. कुत्रा सापडला, फोटो काही सापडले नाहीत.

ताईंचा दीर लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा आणि दिसेल त्या वायरीत बोटं घालायची त्याला खोड होती. तो म्हणाला, "वहिनी, एवढंसं यंत्र लागतं. दुकानात कोपरा दे. आपलं आपण चालवू. कुणाचे पाय धरायला नकोत."

"मला त्यातलं काय कळतं, भाऊजी?"

"तुला माणसं कळतात. यंत्राचं मी बघतो."

मग जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी दुकानातल्या फळीवर, फ्रेमांच्या खोक्यांशेजारी येऊन बसली. तिच्यावर एक हिरवा ठिपका लुकलुकत असे. ताईंचे यजमान मागच्या खोलीत भिंगं घासत. त्यांनी दारातून डोकं बाहेर काढून विचारलं, "तापणार नाही ना?" नाही म्हटल्यावर डोकं परत आत गेलं. त्यांच्या परीने ती चर्चा पूर्ण झाली होती.

दिराने एकच गोष्ट गंभीर होऊन सांगितली. "जो चालवतो त्याला सगळ्यांचं सगळं दिसतं. त्याला इलाज नाही. तू बघू नकोस म्हणजे झालं."

पहिले काही महिने फार छान गेले. मधे जाहिरात नाही, परका कुणी नाही. कुणाकडे पाणी आलं नाही, कुणाची शिडी मोकळी आहे, कुणाच्या आईला बरं नाही, सगळं लिहिलं जायचं आणि उत्तरं यायची. दुकानात फ्रेम घट्ट करायला आलेली माणसं "ताई, आपली गल्ली मस्त चाललीय हां" म्हणत, आणि ताईंना बरं वाटे. एवढ्या वर्षांत त्यांना चष्म्याबद्दलसुद्धा कुणी असं म्हटलं नव्हतं.

दुकानासमोरच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर हवामानकाका राहत. वेधशाळेत नोकरी करून निवृत्त झालेले, बायको जाऊन दोनेक वर्षं झालेली, मूलबाळ नाही. रोज सकाळी ते गल्लीच्या ग्रुपवर तापमान, वारा आणि ढग लिहायचे. तिथे थांबले असते तर सगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं. पण ते थांबत नसत. पाववाल्याने 'ताजा पाव' लिहिलं की खाली यायचं, "कालचा आहे. मी दाबून पाहिला." गाण्याच्या बाईंनी चार ओळी लिहिल्या की त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका. कुणी म्हटलं आज काय उकडतंय, की हे म्हणणार, "कालच्यापेक्षा कमी आहे. उकडतंय ते तुमच्या खिडक्या बंद आहेत म्हणून." शिवी नाही, वाईट शब्द नाही. नुसती टोचणी. बुटातल्या खड्यासारखी.

एका दुपारी गाण्याच्या बाई दुकानात आल्या. चष्मा नाकावरून घसरत होता हे निमित्त.

"ताई, एक तर ते राहतील, नाहीतर मी. पाववालाही हेच म्हणतोय."

"एकटे आहेत हो ते."

"एकटे आहेत ते कळतंय मला. पण त्यांचं एकटेपण रोज सकाळी मी का झेलायचं?"

बाईंचं चूक नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी सर्व्हरचं ते पान उघडलं, जे फक्त चालवणाऱ्याला दिसतं. काकांच्या नावापुढे पर्याय होते. इशारा द्या. काढून टाका. इशारा दिला तर काका दुकानात येऊन तासभर वाद घालणार. काढून टाकावं तर म्हातारा माणूस, सकाळी उठून तापमान कुणाला सांगेल? त्याखाली आणखी एक पर्याय होता, मर्यादित करा. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, या व्यक्तीचं लिखाण फक्त त्यांनाच दिसेल, त्यांना सूचना जाणार नाही.

ताईंना हायसं वाटलं. लिहू दे बिचाऱ्यांना. भांडण नको, अपमान नको, कुणाचं मन मोडायला नको. त्यांनी बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीवर शांतता झाली. पाववाल्याने ताज्या पावाचा फोटो टाकला आणि त्याखाली फक्त कौतुक आलं. गाण्याच्या बाईंनी ताईंना हळूच "जमलं हं" म्हटलं. दिराला ताईंनी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ही गोम मला माहीतच नव्हती. झकास आहे की!"

काका लिहीतच होते. ते फक्त चालवणाऱ्याच्या पानावर दिसायचं. बघायचं नाही असं ठरलेलं असूनही ताईंची नजर रोज तिथे जायची. आपण एखाद्याला खोलीत बंद केलं तर दाराला कान लावला जातोच, तसं.

सुरुवातीला ते नेहमीसारखेच होते. मग थोडे चिडले. "माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणालाच वेळ नाही वाटतं. सगळे एकदम गावाला गेलात काय?" मग काही दिवस नुसतं तापमान. आणि मग एका सकाळी तापमानाच्या खाली लिहिलं होतं, "माझ्या बोलण्याने कुणाला लागलं असेल तर मनापासून माफी मागतो. बायको होती तेव्हा ती मला टेबलाखालून पाय मारायची. आता पाय मारणारं कुणी नाही, म्हणून वाहवत जातो. पाव चांगला असतो. कालचाही चांगला लागतो."

ताईंनी ते दोनदा वाचलं. त्याच दिवशी त्या गाण्याच्या बाईंकडे गेल्या. "काकांना परत मोकळं करावं म्हणते. माफी मागितलीय त्यांनी."

बाई बाजाची पेटी पुसत होत्या. म्हणाल्या, "करा की. पण महिनाअखेरीस माझ्या मुलांचा कार्यक्रम आहे, तेवढा होऊन जाऊ दे. आत्ता कुठे जरा शांत झालंय."

ताईंनी ते मानलं. कार्यक्रम झाला, मग दुकानात नव्या फ्रेमांचा माल आला, मग यजमानांना ताप आला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. दिवस मात्र गेले.

मधल्या काळात काका चाचणी घेऊ लागले. स्वच्छ निळं आकाश असलेल्या दिवशी त्यांनी लिहिलं, "आज सकाळी गारा पडल्या. लिंबाएवढ्या." दुसऱ्या दिवशी, "आज सूर्य उगवलेला नाही. वाट पाहतोय." जो माणूस अर्ध्या अंशाच्या चुकीवरून वाद घालायचा, तो हे लिहीत होता, आणि 'काका, काय बोलता!' म्हणणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर त्यांच्या लिखाणातून हवामान गेलं.

"बँकेचं सरकतं दार आज माझ्यासाठी उघडलं नाही. मी मागे सरकलो, पुढे आलो, हात हलवला. मग एक बाई आली, तिच्यासाठी उघडलं. तिच्यामागून मी आत गेलो."

"औषधाच्या दुकानात रांगेत होतो. माझ्या पुढचा माणूस गेल्यावर दुकानदाराने माझ्या मागच्याला विचारलं, काय हवंय? मी काही बोललो नाही. काय होतं ते पाहायचं होतं. मागच्याने औषध घेतलं. मग त्याच्या मागच्याने."

सरकती दारं बिघडतात. औषधवाला घाईतला माणूस आहे. ताईंनी स्वतःची समजूत घातली. पण त्यांच्या कानावर दुसरंही काही येऊ लागलं होतं. न्हावी केस कापता कापता कुणाला तरी सांगत होता, "ते वरचे काका घर सोडून गेले ना?" पाववाल्याला ताईंनी मुद्दाम विचारलं, काका पाव न्यायला येतात का? तो चक्क आठवायला लागला. "येत असतील. म्हणजे, पाव जातो त्यांचा. पण आले होते असं नक्की सांगता येत नाही बघा." आणि गाण्याच्या बाई एकदा सहज म्हणाल्या, "ते हवामानकाका होते ना, त्यांना जुनी गाणी फार पाठ होती."

"होते?" ताई म्हणाल्या.

बाई गोंधळल्या. "आहेत म्हणजे. आहेतच की. असं कसं तोंडातून गेलं माझ्या!" आणि त्या हसल्या, पण दोघींनाही ते हसू नीट जमलं नाही.

ताईंच्या मग एक गोष्ट लक्षात आली आणि त्या दारातच थबकल्या. त्यांनी स्वतःही काकांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. समोरच्या इमारतीचं दार दुकानातून सरळ दिसतं. सबंध दिवस त्या त्याच्याकडे तोंड करून बसतात.

त्यानंतर लवकरच ती दुपार आली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ताई डोळ्याला जाड भिंग लावून एका फ्रेमचा बारीक स्क्रू बसवत होत्या. दाराची घंटी किणकिणली. त्यांनी भिंग काढून वर पाहिलं. दार मिटत होतं, काचेपलीकडे रस्त्यावर ऊन पडलं होतं, आणि दुकानात कुणी नव्हतं. मानेवरून गार झुळूक गेल्यासारखं वाटलं. "वारा सुटलाय वाटतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि परत स्क्रूकडे वळल्या. थोड्या वेळाने घंटी पुन्हा वाजली. त्यांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी त्यांनी पान उघडलं.

"आज चष्म्याच्या दुकानात गेलो होतो," काकांनी लिहिलं होतं. "ताई तरी ओळखतील असं वाटलं. टेबलासमोर उभा राहून दोन वेळा हाक मारली. त्यांच्या डोळ्याला भिंग होतं. त्यांनी ते काढलं, सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, वारा सुटलाय वाटतं."

ते वाक्य त्या मोठ्याने बोलल्या होत्या. पण ऐकायला दुकानात कुणी नव्हतं. नव्हतंच. त्यांनी डोळे मिटून ती दुपार पुन्हा उभी केली. काउंटर, फ्रेमांची रांग, आरसा, मिटणारं दार. समोरची जागा रिकामी होती.

त्या मागच्या खोलीत गेल्या. यजमान यंत्र पुसत होते.

"अहो, दुपारी दुकानात कुणी आलं होतं का?"

"मला काय विचारतेस? तू होतीस बाहेर." मग ते थांबले. "आलं होतं की कुणीतरी. 'ताई, ताई' करत होतं. मला वाटलं, तू बोलत का नाहीस."

ताई खाली बसल्या.

त्या दिवसापासून काकांचं लिखाण एकदम शांत झालं. ते वाचून ताईंना आधीच्या चिडचिडीपेक्षा जास्त भीती वाटू लागली. "आता सगळं समजलं," त्यांनी लिहिलं. "आपण गेलो की ते आपल्याला लगेच कळत नाही, असं ऐकून होतो. मला कळायला उशीरच लागला. तू असतीस तर लगेच सांगितलं असतंस."

ते आता बायकोशी बोलत होते. रोज सकाळी आणि संध्याकाळी. ती गेल्यावर उशीचा अभ्रा किती दिवस धुतला नव्हता ते. शेवटच्या आठवड्यात तिचा हात धरायची लाज वाटली, कारण खोलीत नर्स होती, ते. तिचा चष्मा घालून ते कधीकधी खिडकीशी बसतात आणि गल्ली धूसर दिसते, तेव्हा वाटतं की अशीच दिसत असेल तिला, ते. "मी आलोच आहे इकडे," ते लिहीत, "पण तू दिसत नाहीस अजून. कुठल्या बाजूला आहेस?"

अशा गोष्टी माणूस स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलत नाही. आणि ताई त्या काउंटरमागे बसून वाचत होत्या.

त्यांनी दिराला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. दुकानातल्या दुपारचंही. दिराने पेटीकडे एकवार पाहिलं.

"मग काढून टाक ना ती मर्यादा. आत्ता. एका बोटाचं काम आहे."

"काढली की त्यांनी लिहिलेलं सगळं एकदम सगळ्यांना दिसेल. बायकोशी बोललेलं सगळं. पाववाला वाचेल, न्हावी वाचेल. उद्या दुकानात चर्चा होईल त्याची."

"मग आधी ते सगळं पुसून टाक आणि मग काढ. कुणाला कळणार आहे?"

"त्यांना कळेल."

"वहिनी, ते स्वतःला मेलेले समजतायत."

"म्हणून मी त्यांचं बोलणंही मारून टाकू?"

दिराने पेटीवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाला, "मोठ्या कंपनीत हे झालं नसतं गं."

"झालं असतं. फक्त वाचणारं कुणी नसतं," ताई म्हणाल्या. पण ते उत्तर बरोबर आहे का, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडण्याऐवजी त्या समोरच्या इमारतीत गेल्या. जिने चढून वर पोचल्या. काकांचं दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. बेल वाजवली, हाक मारली. आतून काही नाही. त्यांनी दार ढकललं.

खोली नीटनेटकी होती. टेबलावर पाव होता, कापलेला, खाल्लेला. भिंतीवर तापमापक. खिडकीशी खुर्चीत काका पाठमोरे बसले होते, अंगात स्वेटर, पायात सपाता. ताईंना ते दिसत होते, अगदी स्पष्ट, मानेवरच्या पांढऱ्या केसांसकट. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"काका."

ते हलले नाहीत.

"काका, मी आलेय. चष्म्याच्या दुकानातली."

"हो, आवाज येतात अधूनमधून," काका खिडकीकडे पाहतच म्हणाले. कुणाला सांगावं तसं नव्हे, तापमान लिहावं तसं. "आज चष्म्याच्या दुकानाचा येतोय."

ताईंना परत फिरावं असं एक क्षण वाटलं. पण त्या पुढे गेल्या, काका आणि खिडकी यांच्यामध्ये उभ्या राहिल्या, आणि वाकून त्यांनी काकांच्या नाकावरचा चष्मा हळूच काढला. रोज परक्या माणसांच्या नाकावरून चष्मे काढायची त्यांच्या हातांना सवय होती. चष्मा बायकी होता, लहानखुरा, दोन्ही बाजूंनी ताणला गेलेला. काकांनी डोळे मिचकावले. मग त्यांचा हात वर आला आणि ताईंच्या मनगटावर येऊन थांबला. हात गार होता, पण माणसाचाच होता.

"गरम आहे तुमचा हात," काका म्हणाले.

"काका, तुम्ही इथेच आहात. तुम्हाला काहीही झालेलं नाही. जे केलं ते मी केलं."

त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. गाण्याच्या बाई, पाववाला, तो पर्याय, ती बारीक अक्षरं. काका ऐकत होते. मधे एकदा त्यांनी अंगठ्याने स्वतःच्याच तळहाताला दाबून पाहिलं.

"म्हणजे मी दिसतो?"

"दिसता."

"मग त्या दिवशी दुकानात?"

खोटं सांगता आलं असतं, भिंगाने डोळे दिपले होते, कामाच्या नादात होते. "त्या दिवशी तुम्ही मला दिसला नाहीत, काका," त्या म्हणाल्या. "का, ते मला माहीत नाही. मी खूप विचार केला. जागा रिकामी होती."

काकांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना पटल्यासारखं दिसलं. ते आतापर्यंतचं सगळ्यात खरं उत्तर होतं.

"मी लिहिलेलं तुम्हाला दिसत होतं, म्हणालात."

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"आणखी कुणाला?"

"नाही. फक्त मला."

ताईंना वाटलं, आता काका ओरडतील, घराबाहेर काढतील, आणि काढायलाच हवं. पण ते म्हणाले, "म्हणजे तिच्यापर्यंत काहीच पोचलं नाही."

यावर ताईंना रडू आलं. काकांना आलं नाही. त्यांनी उठून चहा ठेवला आणि कपात ओतताना थोडा सांडला, तेव्हा फडक्याने ती जागा पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

पुढचं काम काकांनी स्वतः केलं. काही दिवस दुपारी ते दुकानात येऊन काउंटरमागे ताईंच्या खुर्चीत बसायचे आणि आपलं एकेक लिखाण वाचून पुसायचे. ताई त्या वेळी मागच्या खोलीत जाऊन बसत. माफी मागितलेली तेवढी त्यांनी राहू दिली. मग त्यांनीच मर्यादा काढली. ती माफी गल्लीवर सगळ्यांना दिसली, आणि लोकांनी तिची जुनी तारीख पाहिली.

त्या रविवारी ताईंनी सगळ्यांना दुकानात बोलावलं आणि काय केलं ते सांगून टाकलं. गाण्याच्या बाईंनी मधेच म्हटलं, "मीही होते त्यात." पाववाला म्हणाला, हे असलं काही नकोच. परत त्या कंपनीकडे जाऊ या. तिथे निदान ओळखीच्या माणसाने तरी असं केलं नसतं. न्हावी म्हणाला, तिथे माझ्या पोरीचे फोटो गेले ते कुणाला विचारायला गेलो होतो का मी? दीर म्हणाला, चूक यंत्राची नाही. यजमान म्हणाले, यंत्राची चूक नसतेच कधी, आणि आत निघून गेले.

"मी बोलू का?" आवाज आला.

काका दाराशी उभे होते. ते केव्हापासून तिथे होते हे कुणालाच सांगता आलं नसतं. लोकांच्या नजरा त्यांना शोधत एक क्षण इकडेतिकडे फिरल्या आणि मग स्थिरावल्या. ताईंनी तो क्षण पाहिला. काकांनीही पाहिला.

"चालू ठेवा," ते म्हणाले. "मला हाकलायचं असेल तर वर या, चहा प्या आणि तोंडावर हाकला. मी भांडेन. पण मी भांडलो हे तुम्हाला माहीत तरी असेल."

तसं ठरलं. आता ताईंबरोबर गाण्याच्या बाई आणि न्हावीही ते पान पाहू शकतात, आणि कुणाला काही करायचं तर तिघांनी त्या माणसाच्या घरी जायचं. मर्यादित करण्याचा पर्याय दिराने काढून टाकायचा खूप प्रयत्न केला. तो पानावरून जात नाही. बनवणाऱ्यांनीच तसा बनवलाय.

काका पुन्हा तापमान लिहू लागले. त्याखाली आता भराभर उत्तरं येतात, "वा काका", "धन्यवाद काका", जरा जास्तच. पाववाल्याने एकदा मुद्दाम 'ताजा' लिहून वाट पाहिली, काहीतरी टोचून बोलतील म्हणून. काका काही बोलले नाहीत. आता ते कुणालाच टोचत नाहीत. आणि ते समोर उभे असले तरी लोकांना थोडं लक्ष लावून पाहावं लागतं, जसं अंधाऱ्या खोलीत गेल्यावर डोळ्यांना सवय व्हावी लागते. हे कुणी कुणाला बोलून दाखवत नाही. ताईंनी गुपचूप एका डॉक्टरांकडून स्वतःचे डोळे तपासून घेतले. डोळे उत्तम होते.

थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. काका सकाळी दुकानात आले. दुकानात दोघंच होते.

"ताई, एक विचारू? ते पुन्हा लावता येईल का? मर्यादित."

"काका!"

"तसं नाही. रोजचं तापमान सगळ्यांना दिसू दे. पण एक कोपरा असा, की मी लिहीन आणि कुणी वाचणार नाही. तिथे मला तिच्याशी बोलता येत होतं. वहीत लिहून पाहिलं, जमत नाही. वही म्हणजे नुसती वहीच. तिथे लिहिलं की कुठेतरी जातंय असं वाटायचं." ते थांबले. "पण तुम्हीही वाचायचं नाही."

'नाही वाचणार' असं म्हणणं किती सोपं होतं. ताईंच्या ओठांवर आलंही होतं.

"मी वाचेन, काका," त्या म्हणाल्या. "नाही नाही म्हणत वाचेन. जो चालवतो त्याला दिसतंच, आणि दिसलं की बघितलं जातं."

काकांनी फळीवरच्या पेटीकडे पाहिलं. हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"मग मला शिकवा," ते म्हणाले. "माझ्यापुरतं एक यंत्र. माझ्या खोलीत. चालवणारा मी आणि माणूसही मीच."

ताईंनी दिराला निरोप धाडला. तो एका जुन्या पेटीची जुळवाजुळव करून त्याच आठवड्यात काकांच्या घरी गेला. तापमापकाच्या खाली ती बसवली, सगळं नीट समजावून सांगितलं आणि परत येताना दुकानात डोकावला.

"झालं," तो म्हणाला. "चालू आहे. आनंदात आहेत काका."

"मग तोंड असं का केलंय, भाऊजी?"

दिराने हातातली पिशवी खाली ठेवली. "मी जोडून दिलं, काकांचं अकाउंट उघडलं. एक माणूस, एक अकाउंट. किती जण आत आहेत ते वर लिहिलेलं असतं ना, वहिनी, मी निघताना तिथे दोन दाखवत होतं."

"तुझंच उघडं राहिलं असेल."

"मीही तेच म्हटलं. तपासून माझं अकाउंट बंद केलं. मग परत पाहिलं."

"आणि?"

"तरी दोनच. काका म्हणाले, राहू दे, त्याला हात लावू नकोस."